छत्तीस घरं, छत्तीस पत्ते : द्रेष्काण आणि टॅरो नव्याने शिकणाऱ्यांसाठी

बारा राशी आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतात. टॅरोची चित्रंही आता मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलेली असतात. या दोन गोष्टी जिथे एकमेकींना भेटतात ती जागा म्हणजे द्रेष्काण, राशीचा दहा अंशांचा तुकडा, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडखळतो. मीही अडखळले. घरात दाते पंचांग, मोबाइलवर परदेशी ॲप आणि मागवलेला टॅरोचा संच. तीन ठिकाणांहून तीन उत्तरं यायची आणि मी ती एकाच वहीत लिहून ठेवायची. जवळजवळ वर्षभर त्या वहीत चुकीच्या नोंदी झाल्या. तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. मी द्रेष्काण शिकले ते त्यातल्या चित्रांसाठी. दहा-दहा अंशांच्या प्रत्येक तुकड्याला माणसांनी एक चेहरा दिला, तो कसा दिला आणि त्यातून काय सांगू पाहिलं, हे मला समजून घ्यायचं होतं. उद्या काय घडणार याचं उत्तर हवं असेल तर ते या लेखात मिळणार नाही.

हाताशी काय काय हवं

- जन्मतारीख आणि जन्मवेळ. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख आणि ठिकाण असतं, वेळ नसते. वेळेसाठी दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड शोधा, नाहीतर घरातल्या कुणी त्या काळी लिहून ठेवलेलं टिपण. आमच्या आधीच्या पिढीत 'गिरणीचा भोंगा झाला आणि तू झालास' एवढीच नोंद असते. तेवढ्यावर रवीचा द्रेष्काण काढता येतो, लग्नाचा (म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेल्या राशीचा) काढायला जाऊ नका.
- एक पंचांग. दाते पंचांग आपल्या सोलापूरचंच, बहुतेक घरांत खुंटीला अडकवलेलं असतंच.
- पत्त्यांचा साधा कॅट. कशाला, ते पाचव्या पायरीत कळेल.
- टॅरोचा संच, पण घाई नको. घ्यायचाच तर राइडर-वेट पद्धतीचा घ्या. त्यात ७८ पत्ते असतात : २२ मेजर अर्काना (एम्परर, टॉवर असे नावांचे पत्ते) आणि ५६ मायनर अर्काना (चार रंगांचे, आपल्या कॅटसारखे). 'ओरॅकल' म्हणून सुंदर संच मिळतात, त्यांना ही रचनाच नसते. त्यावर द्रेष्काण बसत नाहीत. मार्सेय पद्धतीच्या संचात साध्या पत्त्यांवर फक्त पेले किंवा तलवारी मांडलेल्या असतात, माणसं नसतात. सुरुवातीला ते कोरडं वाटेल.
- दोन वह्या. एक नाही, दोन.

१. दहा अंश म्हणजे काय, ते आधी पक्कं करा

एक रास तीस अंशांची. तिचे तीन सारखे भाग केले की प्रत्येक भाग दहा अंशांचा. हाच द्रेष्काण, काही ग्रंथांत द्रेक्काण. बारा राशींचे मिळून छत्तीस. ० ते १० पहिला, १० ते २० दुसरा, २० ते ३० तिसरा. बरोबर १० अंश ० कला असतील तर पहिला संपला, दुसरा सुरू झाला.

रवी रोज साधारण एक अंश चालतो, म्हणून एका द्रेष्काणात तो दहा दिवस असतो. चंद्र एक द्रेष्काण अठरा तासांत ओलांडतो. लग्न मात्र सरासरी चाळीस मिनिटांत. म्हणजे जन्मवेळेत पंधरा मिनिटांची चूक असली तर रवीला काही होत नाही, लग्नाचा द्रेष्काण मात्र सहज बदलू शकतो.

इथे दोन खड्डे आहेत. पहिला छापील पत्रिकेतला. रवीपुढे ४-१२-३५ असं लिहिलेलं असतं. नवा माणूस चौथी रास म्हणून कर्क धरतो. तो ४ म्हणजे पूर्ण झालेल्या राशी, रवी पाचव्या राशीत आहे : सिंह, १२ अंश ३५ कला, दुसरा द्रेष्काण. दुसरा खड्डा ॲपमधला. ठिकाणाच्या जागी आपोआप 'मुंबई' आलेलं असतं आणि आपण पुढे जातो. सोलापूर मुंबईपेक्षा सुमारे तीन अंश पूर्वेला आहे, सूर्याच्या वेळेत बारा मिनिटांचा फरक. लग्न तेवढ्याने साधारण तीन अंश सरकतं. जन्म सोलापूरचा असेल तर सोलापूरच टाका.

आपल्या गावात आणखी एक गोंधळ होतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आणि अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत पत्रिका चौकोनी घरांची असते. तिथे राशींच्या जागा कायमच्या ठरलेल्या असतात, मीन वरच्या डाव्या कोपऱ्यात. आपल्या तिरप्या घरांच्या पत्रिकेत राशीचा आकडा घरात लिहिलेला असतो. दोन्हीत माहिती एकच असते, वाचायची रीत वेगळी. द्रेष्काणासाठी अंशच बघायचे असल्याने पत्रिकेच्या चित्रापेक्षा ग्रहस्पष्टांचा, म्हणजे प्रत्येक ग्रहाचे राशी-अंश दिलेला, तक्ता मागा.

२. ही चित्रं आली कुठून

ही पायरी वगळली तरी गणित येईल. पण मला या विषयाची गोडी लागली ती इथेच, म्हणून जरा थांबते.

इजिप्तमध्ये रात्रीची वेळ मोजायला आकाशातले छत्तीस तारकागट धरले होते. दर दहा दिवसांनी पहाटेच्या आधी नवा गट उगवताना दिसायचा. सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या काही शवपेट्यांच्या झाकणांवर, आतल्या बाजूला, या तारकागटांचे तक्ते रंगवलेले सापडले आहेत. मेलेल्या माणसालाही रात्रीचे तास कळावेत अशी सोय. छत्तीस दाहे तीनशे साठ, वर पाच दिवस, असं त्यांचं वर्ष. पुढे ग्रीक काळात हे छत्तीस तुकडे राशिचक्राला जोडले गेले. ग्रीक 'डेकानोस' वरून आपला 'द्रेष्काण' शब्द आला. इंग्रजी पुस्तकांत त्यालाच 'डेकन' म्हणतात, आपल्या दख्खनशी त्याचा काही संबंध नाही.

सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहज्जातका'त द्रेष्काणांवर एक अख्खा अध्याय लिहिला. प्रत्येकाचं रूप एकेका श्लोकात. मेषेचा पहिला द्रेष्काण : कमरेला पांढरं वस्त्र गुंडाळलेला, काळ्या वर्णाचा, लाल डोळ्यांचा रौद्र पुरुष, परशु उगारून जणू राखण करायला उभा. दुसरा : तांबडं नेसलेली, दागिन्यांची आणि खाण्याची आवड असलेली, घटासारख्या पोटाची, घोड्याच्या तोंडाची, एका पायाची तहानलेली बाई. तिसरा : तांबड्या वस्त्रांतला पिंगट, क्रूर पुरुष, कलांचा जाणकार, कामाचा हौशी, व्रत मोडलेला, हातात दंड उगारलेला. एकाच माणसात कलेची जाण आणि मोडलेलं व्रत! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वही बाजूला ठेवून नुसती बसून राहिले. 'मेष म्हणजे तापट' यापलीकडे मला कुणी काही सांगितलंच नव्हतं.

नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर याने आपल्या ग्रंथात भारतीयांचे द्रेष्काण म्हणून ही रूपं नोंदवली. तिथून ती युरोपात गेली. इटलीतल्या फेरारा शहरात एस्ते घराण्याचा स्किफानोइया नावाचा वाडा आहे. त्याच्या भिंतींवर १४७० च्या सुमारास बारा महिन्यांची चित्रं काढली. मार्च महिन्याच्या चित्रात मधल्या काळसर पट्टीत एक सावळा, रागीट पुरुष उभा आहे, अंगावर फाटके पांढरे कपडे, कमरेच्या दोराचं टोक मुठीत. तो कोण हे कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. १९१२ मध्ये कला-इतिहासाचे अभ्यासक आबी वारबुर्ग यांनी रोममधल्या व्याख्यानात दाखवून दिलं की हा मेषेचा पहिला द्रेष्काण, आणि त्याचा माग अबू माशरमार्फत थेट वराहमिहिरापर्यंत नेला. उज्जैनीकडचा परशुवाला नऊशे वर्षांनी इटलीच्या भिंतीवर उभा राहिला. परशु वाटेत गेला, पांढरं वस्त्र आणि राग टिकला.

आता टॅरो. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी निघाले. १४४२ सालच्या फेराराच्या दरबारी हिशेबात त्यांची नोंद आहे. म्हणजे द्रेष्काण आणि टॅरो एकाच घराण्याच्या आश्रयाला होते, तरी त्यांना कुणी जोडलं नव्हतं. ती जोडणी चारशेहून जास्त वर्षांनी लंडनमध्ये झाली. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या 'गोल्डन डॉन' या गूढविद्येच्या मंडळाने छत्तीस द्रेष्काण छत्तीस पत्त्यांवर बसवले. याच मंडळातल्या आर्थर वेट यांनी १९०९ मध्ये जो संच काढला त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ यांची. आज सगळीकडे दिसतात ती हीच.

तेव्हा कुणी 'टॅरो मूळ इजिप्तचं' किंवा 'टॅरो मूळ आपलंच' असं छातीठोकपणे सांगितलं तर मान डोलावू नका. द्रेष्काण प्राचीन, पत्ते मध्ययुगाच्या शेवटचे आणि त्यांची गाठ आधुनिक.

३. आकाश एकच धरा : सायन की निरयन

माझं वर्ष इथे गेलं, म्हणून हे नीट वाचा.

आपल्या गड्ड्याच्या यात्रेचं उदाहरण घेऊ. १४ जानेवारीला संक्रांत, सिद्धेश्वराच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे दिवस. पंचांगाप्रमाणे त्या दिवशी रवी मकरेत शिरतो, म्हणजे मकरेचा शून्य अंश, पहिला द्रेष्काण. आता परदेशी ॲप उघडा. त्याच दिवशी ते रवी मकरेच्या जवळजवळ २४ अंशांवर दाखवेल, म्हणजे तिसरा द्रेष्काण. त्यांचा रवी मकरेत २२ डिसेंबरच्या सुमारालाच शिरलेला असतो.

चूक कुणाचीच नाही. पंचांग निरयन आहे, ते ताऱ्यांपासून मोजतं. पाश्चात्त्य पद्धत सायन, ती वसंतसंपातापासून (मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा रवी असतो त्या बिंदूपासून) मोजते. दोन्हींत आज सुमारे चोवीस अंशांचा फरक आहे, त्यालाच अयनांश म्हणतात. चोवीस अंश म्हणजे जवळपास अडीच द्रेष्काण. इतका फरक असल्यावर दोन्हींची उत्तरं जुळणारच नाहीत.

नियम सोपा ठेवा. वराहमिहिराची रूपं आणि आपले द्रेष्काणस्वामी (त्या त्या द्रेष्काणाचा मालक ग्रह) वाचायचे तर निरयन अंश घ्या. टॅरोचे पत्ते वाचायचे तर सायन अंश घ्या, कारण गोल्डन डॉनचा तक्ता सायन राशींवर वाचायची रूढी आहे. पहिली वही निरयन, दुसरी सायन. ॲपमध्ये अयनांश कुठे निवडता येतो ते आधी शोधा, न सापडल्यास ते ॲप फक्त दुसऱ्या वहीसाठी वापरा.

४. स्वामी : इथे मेष तुम्हाला फसवेल

आपल्या पद्धतीत पहिल्या द्रेष्काणाचा स्वामी त्याच राशीचा स्वामी, दुसऱ्याचा तिथून पाचव्या राशीचा, तिसऱ्याचा नवव्या राशीचा. मेषेत : मंगळ, सिंहेचा रवी, धनूचा गुरू.

टॅरोवाल्यांच्या पद्धतीत मेषेत : मंगळ, रवी, शुक्र.

पहिले दोन सारखे! मी मेष तपासली, दोन जुळले, तिसरी छपाईची चूक समजले आणि दोन्ही पद्धती एकच म्हणून मोकळी झाले. वृषभ तपासली असती तर लगेच कळलं असतं. आपल्याकडे शुक्र, बुध, शनी. त्यांच्याकडे बुध, चंद्र, शनी. पद्धत तपासताना मेषेवर थांबू नका.

टॅरोचा क्रम पाठ करायला कठीण वाटतो, पण तो तुमच्या घरातल्या पंचांगात आधीच आहे. होरांचा, म्हणजे दिवसाच्या एकेका तासावर ताबा असलेल्या ग्रहांचा, क्रम बघा : शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. तोच हा. मेषेच्या पहिल्या द्रेष्काणाला मंगळ द्यायचा आणि याच क्रमाने छत्तीस घरं भरत जायची.

याहून सोपी युक्ती मला कागदावर तक्ता मांडताना सापडली. बारा राशी उभ्या लिहा, पुढे तीन रकाने आखा. पहिला रकाना वरून खाली वाचा : मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, रवी, चंद्र, पुन्हा मंगळ... हे तर वार! मंगळवारपासून सरळ खाली. दुसरा रकाना रविवारपासून : रवी, चंद्र, मंगळ, बुध... तिसरा शुक्रवारपासून : शुक्र, शनी, रवी, चंद्र... वारांचा क्रम होरांतूनच निघतो. चोवीस होरांत सातांचे तीन फेरे होऊन तीन उरतात, म्हणून उद्याचा वार त्या क्रमात तीन घरं पुढचा. इथेही पुढची रास तीन घरं पुढे. गणित एकच.

सोलापूरकराला तर लक्षात ठेवायला पेठाच पुरतात. मंगळवार पेठ, रविवार पेठ, शुक्रवार पेठ. तीन रकान्यांची तीन दारं. तिथून आत शिरा आणि वार मोजत चला.

५. पत्त्यांचा कॅट काढा

एक्के, गुलाम, राण्या, राजे बाजूला ठेवा. बावन्नातले सोळा गेले, उरले छत्तीस. दुर्रीपासून दश्शीपर्यंत, चार रंगांचे. हेच तुमचे छत्तीस द्रेष्काण. टॅरोचा संच येईपर्यंत मी यावरच शिकले आणि तुम्हालाही तेच सुचवेन, कारण समोर चित्र नसल्यामुळे रचना लवकर पाठ होते.

किलवर म्हणजे वाँड्स, अग्नितत्त्व. बदाम म्हणजे कप्स, जल. इस्पिक म्हणजे स्वोर्ड्स, वायू. चौकट म्हणजे पेंटॅकल्स, पृथ्वी. चर राशींना २, ३, ४. स्थिर राशींना ५, ६, ७. द्विस्वभाव राशींना ८, ९, १०. एवढंच. मेष अग्नीची आणि चर, म्हणून किलवर २, ३, ४.

पूर्ण तक्ता देते. कंसातली तारीख सायन रवी त्या राशीत साधारण कधी शिरतो त्याची आहे, एखाद्या दिवसाचा फरक वर्षागणिक पडतो.

- मेष (२१ मार्च) : वाँड्स २ मंगळ, ३ रवी, ४ शुक्र
- वृषभ (२० एप्रिल) : पेंटॅकल्स ५ बुध, ६ चंद्र, ७ शनी
- मिथुन (२१ मे) : स्वोर्ड्स ८ गुरू, ९ मंगळ, १० रवी
- कर्क (२१ जून) : कप्स २ शुक्र, ३ बुध, ४ चंद्र
- सिंह (२३ जुलै) : वाँड्स ५ शनी, ६ गुरू, ७ मंगळ
- कन्या (२३ ऑगस्ट) : पेंटॅकल्स ८ रवी, ९ शुक्र, १० बुध
- तूळ (२३ सप्टेंबर) : स्वोर्ड्स २ चंद्र, ३ शनी, ४ गुरू
- वृश्चिक (२३ ऑक्टोबर) : कप्स ५ मंगळ, ६ रवी, ७ शुक्र
- धनू (२२ नोव्हेंबर) : वाँड्स ८ बुध, ९ चंद्र, १० शनी
- मकर (२२ डिसेंबर) : पेंटॅकल्स २ गुरू, ३ मंगळ, ४ रवी
- कुंभ (२० जानेवारी) : स्वोर्ड्स ५ शुक्र, ६ बुध, ७ चंद्र
- मीन (१९ फेब्रुवारी) : कप्स ८ शनी, ९ गुरू, १० मंगळ

जमिनीवर बारा ओळींत पत्ते मांडा, तक्ता न बघता. मला चार संध्याकाळी लागल्या. एक्के आणि राजा-राणीच्या पत्त्यांत सध्या शिरू नका. राजघराण्यातल्या बऱ्याच पत्त्यांचा ताबा एका राशीच्या २० अंशांपासून पुढच्या राशीच्या २० अंशांपर्यंत असतो. आत्ताच ते घेतलंत तर बसवलेलं सगळं विस्कटेल.

६. आता चित्रं

प्रत्येक पत्त्यात तीन गोष्टी एकत्र येतात : रास, ग्रह आणि आकडा. आमच्या घरी जेकार्डचा माग होता. उभे धागे ताणलेले, आडवा धागा धोट्याबरोबर ये-जा करणारा, आणि वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ. चादरीवर मोर उठणार की फुलं, ते पुठ्ठे ठरवायचे. मी पत्ता तसाच वाचते. रास उभा धागा, ग्रह आडवा, आकडा म्हणजे तो पुठ्ठा.

सोप्या पत्त्यांपासून सुरुवात करा. वाँड्सचा ४ : चार उभ्या काठ्या, वर फुलापानांची माळ, हातात फुलं उंचावलेल्या दोघी, मागे गढी. मेषेत शुक्र. आपल्या माणसाला हा मांडव लगेच ओळखू येतो. पेंटॅकल्सचा ८ : बाकावर बसून एकेक नाणं ठोकणारा कारागीर, तयार झालेली शेजारी टांगलेली. कन्येत रवी, कामातल्या बारकाव्यावर पडलेला उजेड. वाँड्सचा १० : दहा काठ्यांची मोळी छातीशी धरून वाकून चाललेला माणूस, पुढचं दिसतही नाही. धनूत शनी.

मग जे जुळत नाहीत ते घ्या, शिकायला तेच जास्त उपयोगी. कप्सचा १० : आकाशात इंद्रधनुष्यावर दहा पेले, खाली नवरा-बायको, नाचणारी पोरं. स्वामी मंगळ! मीनेत मंगळ कसा काय सुखाचा? स्वोर्ड्सचा १० : पाठीत दहा तलवारी खुपसलेला, पालथा पडलेला माणूस. स्वामी रवी. इथे बरेच जण काहीतरी ओढूनताणून जुळवतात. तसं करू नका. चित्र काढणारीने कथा काढली, स्वामी तक्त्याच्या क्रमाने आला, दोन्ही दर वेळी एकमेकांना धरून असतीलच असं नाही. वहीत 'जुळत नाही' असं लिहा आणि पत्ता समोर ठेवून बघत राहा. स्वोर्ड्सच्या १० मध्ये मला तिसऱ्या दिवशी क्षितिजावरचा पिवळा पट्टा दिसला. वर काळंकुट्ट आकाश, खाली उजाडतं आहे. कप्सच्या १० चं कोडं मला अजून सुटलेलं नाही.

बदाम सत्ती खेळताना पोरं ज्या पत्त्याची वाट बघतात तो इथे वृश्चिकेतला शुक्र. टॅरोत त्यावर ढगांत सात पेले आहेत : एकात वाडा, एकात रत्नं, एकात साप, एकात झाकलेली आकृती, आणि समोर थबकलेला माणूस.

मेजर अर्कानाची जोड हवी असेल तर राशीचा आणि ग्रहाचा पत्ता शेजारी ठेवा. मेषेचा एम्परर, त्याच्या सिंहासनावर मेंढ्यांची डोकी आहेत. मंगळाचा टॉवर. दोघांमध्ये वाँड्सचा २ : तटावर उभा राहून हातात पृथ्वीचा गोल तोलणारा माणूस. एम्परर आणि टॉवर दोन्हीकडे असताना तो गोल मला पहिल्यांदा जड दिसला.

७. दुसऱ्याचा पत्ता काढण्याआधी

आमच्या शेजारच्या अक्कांनी मला विचारलं, माझा पत्ता कोणता गं? अक्का सत्तरीकडे आलेल्या, आयुष्यभर विड्या वळलेल्या. जन्म १० जानेवारीचा. मी पंचांगाप्रमाणे रवी काढला : धनू, २५ अंशांच्या पुढे, तिसरा द्रेष्काण. आणि तसाच टॅरोच्या तक्त्यात नेला. धनू तिसरा, वाँड्सचा १०, शनी. पत्ता पुढे ठेवला. अक्कांच्या मांडीवर सूप होतं, कात्रीने तेंदूचं पान कापता कापता त्या थांबल्या. त्या वाकलेल्या माणसाकडे बघत म्हणाल्या, "म्हंजे मरेपर्यंत हेच की गं?"

मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन तपासलं तेव्हा तिसऱ्या पायरीतली चूक दिसली. निरयन रास, सायन तक्ता. सायन अंशांनी त्यांचा रवी मकरेच्या दुसऱ्या द्रेष्काणात होता : पेंटॅकल्सचा ३, मंगळ. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, चूक सांगितली आणि तो पत्ता दिला. कमानीखाली बाकावर उभा पाथरवट, हातात हातोडी, समोर दोघं, एकाच्या हातात आराखड्याचा कागद. अक्कांनी तो बराच वेळ बघितला. "कागद त्याच्या हातात, हातोडी ह्याच्या हातात," त्या म्हणाल्या. "रोज किती मिळतंय ह्याला?"

पुस्तकांत या पत्त्याला कौशल्य, सहकार्य असं काय काय लिहिलेलं असतं. अक्कांचा प्रश्न मी दुसऱ्या वहीत पहिल्या ओळीत लिहून ठेवला आहे.

म्हणून दुसऱ्यासाठी पत्ता काढताना एवढं पाळा. अंश दोनदा तपासा. पत्ता दाखवा आणि आधी त्यांना बोलू द्या, तुमचा अर्थ नंतर. आणि 'बाविसावा द्रेष्काण' काढून कुणाला घाबरवू नका. लग्नापासून मोजलेला हा द्रेष्काण आपल्या ग्रंथांत मृत्यूशी जोडलेला आहे, आणि त्यावरून शांतीचे पैसे काढणारे लोक आहेत. मलाही एका वर्गात, भरपूर फी घेऊन, पहिल्याच आठवड्यात तोच काढायला शिकवलं होतं. मी तो वर्ग सोडला. तुम्हाला कुणी हा आकडा सांगून भीती घातली तर तिथून उठा.

८. छत्तीस पानांची वही

दुसऱ्या वहीत छत्तीस पानं आखा. दर दहा दिवसांनी रवीचा सायन द्रेष्काण बदलला की नवं पान. वर रास, ग्रह, पत्ता. खाली त्या दहा दिवसांत पत्त्यात नवं काय दिसलं, तेवढंच. शेजारी पहिल्या वहीतून वराहमिहिराचं त्याच द्रेष्काणाचं रूप उतरवा, वेगळ्या शाईने, म्हणजे सायन-निरयन पुन्हा मिसळणार नाहीत. सुरुवात कुठूनही करा, आजच्या तारखेचा पत्ता वरच्या तक्त्यात बघून घ्या. एखादं पान कोरं राहिलं तर राहू द्या, मागे जाऊन भरू नका.

एकच जागा अशी आहे जिथे सलग दोन पानांवर एकच ग्रह येतो. सात ग्रह पाच वेळा फिरले की पस्तीस होतात, छत्तिसाव्या घराला पुन्हा मंगळ मिळतो. म्हणून मीनेचा शेवटचा द्रेष्काण मंगळाचा आणि मेषेचा पहिलाही मंगळाचा. साधारण ११ मार्चपासून महिनाअखेरपर्यंत, आपल्याकडे उन्हाचा चटका सुरू होतो ते दिवस. इंद्रधनुष्याखालचं घर आणि तटावरचा गोल धरलेला माणूस, ती दोन पानं शेजारी शेजारी उघडी ठेवा आणि दोन्हींतला मंगळ शोधा. मी या मार्चमध्ये पुन्हा तेच करणार आहे.